चौदा पायऱ्यांखालची भट्टी

मी भट्टी आहे, कोळशाची. रिदुल्तोवी या खाणींच्या गावातल्या एका घरात, चौदा पायऱ्या खाली, तेहेतीस हिवाळे पेटती राहिले. दुकानातून आणलेली नव्हे हं! खाणीत वेल्डर असलेल्या गेरार्डने सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी मला सांधलं. शेवटचा सांधा झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून त्याने बायकोला हाक दिली, "एर्ना, खाली ये! ही तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त टिकणार बघ."

एका जानेवारीत बर्फाच्या भाराने विजेच्या तारा तुटल्या. गल्लीतली नवी यंत्रं गप्प झाली. माझं तापलेलं पाणी मात्र विजेवाचून आपोआप वर चढायचं. तीन दिवस अख्खी गल्ली एर्नाच्या स्वयंपाकघरात आंबट सूप ओरपत बसली होती. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

पुढे गेरार्ड गेला. एर्ना एकटीच मला भरवू लागली.

गेल्या शरदात मुलगी बेआता उष्णता पंपाचे कागद घेऊन आली.

"बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतो तो, आई."

"हवेतली ऊब? आपल्या जानेवारीत? कुणी गंडवलं गं तुला?"

वरचं बोलणं मला नळांतून ऐकू यायचं. मायलेकींनी हिवाळ्याचा हिशेब मांडला. कोळसा चार टन, सहा हजार झ्लॉटी. पंपाची वीज, पाच हजार सहाशे. पंप बसवायला सरकारी मदत होती, पण त्यासाठी मला मोडीत काढावं लागणार होतं.

"चारशे झ्लॉटींसाठी तुझ्या बापाची भट्टी मोडू?" एर्ना कडाडली. शाब्बास, मी म्हटलं.

"आणि बादल्या वाहायची मजुरी? ती कुठे धरलीस? दिवसाला किती बादल्या, आई?"

"दोन-तीन."

खोटं. सहा. शिवाय राखेची एक. आदल्या डिसेंबरात ती नवव्या पायरीवर घसरली होती आणि कितीतरी वेळ तिथेच बसून होती. हे मला एकटीलाच माहीत. स्वस्त असल्याचा मला केवढा तोरा होता! उरलेली किंमत तिचे गुडघे मोजत होते.

वर टेबलावरून कागद ओढल्याची सळसळ झाली. मग एर्ना म्हणाली, "सहा. आणि मागच्या हिवाळ्यात पडलेही होते मी. कुठे सही करायची?"

भंगारवाले आले. माझ्यावर कटर चालवणारा गडी घामाघूम झाला, दोन पाती तुटली.

"आजी, रणगाड्याच्या कारखान्यात बनवली का हो ही?"

"माझ्या नवऱ्याने बनवली," एर्ना ताठ उभी राहून म्हणाली. "सांध्यावर कापू नकोस, नाही सुटायचा. मधूनच काप."

आता मी भंगाराच्या आवारात तीन तुकडे होऊन पडले आहे. एकही सांधा सुटलेला नाही.

पंपा, तुला एवढंच सांगते. उत्तरेकडची खोली उशिरा तापते. थंडी वाजतेय असं एर्ना कधी म्हणणार नाही, गुपचूप दुसरा स्वेटर चढवेल. तिने मागायची वाट बघू नकोस.