शांताचं लुगडं

म्हशीच्या पोटातला रस न्यायला शांभवी नावाची मुलगी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून आमच्या गोठ्यात आली. त्या रसातल्या बारीक जीवांचा डीएनए काढला, की चारा कोण पचवतं ते कळतं, असं तिनं सांगितलं.

पण म्हैस तोंडात नळी घालू देईना. तिला फक्त माझ्या बायकोची, शांताची सवय. शांता दिवाळीनंतर गेली.

शेजारचा संगमेश म्हणाला, "अप्पा, शांताक्काचं लुगडं गुंडाळा की! वळखीच्या वासानं ऱ्हाईल हुबी."

तिचं शेवटचं लुगडं मी न धुता पेटीत ठेवलं होतं. वास जाईल म्हणून बाहेरही काढत नव्हतो. पण दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलेलं शांताला चालत नसे. मी ते अंगावर घेतलं. म्हैस शांत उभी राहिली.

बाटली भरली. नळी काढताना म्हशीनं मान झटकली आणि हिरवा, आंबूस रस पदरावर उडाला.

शांभवी कावरीबावरी झाली. "अप्पा, मी धुऊन देते."

मी पदर नाकाशी धरला.

"ऱ्हाऊ दे पोरी. गोठ्यातनं घरात आली की तिचा असाच वास यायचा."