अमीरबीचा ताजा चहा

शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहाचा मळा लावलाय, हे कळल्यापासून कोल्हापुरातल्या अमीरबीला चैन पडेना. शेवटी तिचा मुलगा लालासाब पिंजारी यानं बैलगाडी जुंपली. त्याची बायको रशिदा आणि आई मागं बसल्या. अमीरबीच्या मांडीवर दुधाची कासंडी होती आणि पदरात गुळाचा खडा. चहा मळ्यातच ताजा प्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

चढाला बैल थकले. तिघंही उतरून गाडी ढकलू लागले. अमीरबीनं एका हातानं गाडी रेटली, पण कासंडी काही सोडली नाही.

मळ्यात पोचताच तिनं राखणदार कृष्णातला विचारलं, "पावणं, चहा कुठं हाय?"

"ही काय झाडं, आजी."

"झाडं दिसत्यात की! चहा कुठनं गळतोय, ते सांगा."

कृष्णातला हसू आवरेना. पाला खुडून वाळवायचा, मग उकळायचा, असं त्यानं समजावलं. अमीरबीला पटेना. तिनं एक पान तोडून चावलं आणि तिचं तोंड एवढं वाकडं झालं, की रशिदा पदराआड खुदकन हसली. मग रागानं अमीरबीनं गूळ खाऊन सगळं दूध एकटीनंच संपवलं.

घरी परतल्यावर गल्लीतल्या बायकांनी तिला घेरलं. "कसा हाय गं चहा?"

"अमृत!" अमीरबी म्हणाली. "पान चावलं की चहा तयार. तुमीबी जाऊन या."

बायका गेल्यावर लालासाब म्हणाला, "आई, खोटं कशाला सांगितलंस?"

"मग काय, मी एकटीनंच कडू खायचं व्हय?"