आधी दोन खुंट्या ठोका

मी लेव्हल. तलाव-कालव्यांचा उंचसखलपणा मोजणारी, तिपाईवर उभी राहणारी पितळी दुर्बीण. बोलणं माझ्या स्वभावात नाही. पण उद्या माझा निकाल आहे, आणि आज जिवाला काही केल्या चैन पडत नाही.

काल ओमेशने माझ्या पेटीला चिठ्ठी बांधली: 'नादुरुस्त'. ओमेश म्हणजे आमच्या पाटबंधारे ऑफिसचा भांडारपाल. वाईट नाही बिचारा, पण त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. झाकणावरची धूळ पाहिली आणि लिहून मोकळा झाला. उद्या गोंदियाहून मोठ्या मॅडम येणार, भंगारावरून नजर फिरवणार, सही करणार, की लगेच टेम्पो हजर. आणि या मोठ्या मॅडम कोण, तर पुष्पांजली! नोकरीतलं तिचं पहिलं काम तिने माझ्याच डोळ्याने पाहिलं होतं. ओमेशला हे कुठून ठाऊक असणार?

माझा जन्म रुडकीचा. तिथल्या कारखान्यात माझं पितळ कातलं, भिंगं बसवली आणि पोटाशी काचेची एक नळी जडवली. त्या नळीत पाण्यासारखा पातळ द्रव आणि एक बुडबुडा. तो बुडबुडा म्हणजे माझा जीव. तो मधोमध असला की मी खरी, सरकला की खोटी. त्यामुळे मी जन्मापासूनच घोर लागलेली. शेजारून नुसती बैलगाडी गेली तरी माझा बुडबुडा जागचा हलतो.

आणखी एक खोड म्हणजे मी जग उलटं दाखवते. डोकी खाली, पाय वर. गावात मला उभं केलं की बघायला झुंबड उडायची. "अबे, सरपंच त उलटा लटकून रायला!" असं कुणी ओरडलं की सरपंचही स्वतः बघायला रांगेत!

पुष्पांजलीच्या आधी कितीतरी अभियंते माझ्यापाशी आले नि गेले. बुडबुडा मध्याच्या आसपास दिसला की "चलता है" म्हणायचे आणि आकडा उतरवायचे. मी आतल्या आत चरफडायचे.

मग ही आली. गोंदिया शहरात वाढलेली, घरात हिंदी बोलणारी, परीक्षा देऊन थेट कनिष्ठ अभियंता झालेली. स्वभाव असा शंकेखोर की कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणार. ऑफिसात टिंगल चालायची, की मॅडम हजेरी लावतात आणि मग खुर्चीत बघतात, आपण खरंच आलोय की नाही! मला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ती श्वास रोखून धरायची. माझ्यासारखीच अस्वस्थ जात.

तिचं पहिलं काम सौंदडपासून आतल्या अंगाच्या एका गावात होतं. तिथे तलाव बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला जुना तलाव. तलाव भरला की जादा पाणी ज्यावरून वाहून जातं तो सांडवा झिजून गेला होता. तो नव्याने बांधायचा, पण उंची जुनीच ठेवायची. खाली राहिला तर पाणी साठणार नाही, वर गेला तर तलाव फुगून वरच्या अंगाची धानशेती बुडणार.

वरच्या अंगाला गंगाबाईची एकुलती एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, होती. ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, येऊन विचारायची, "माही बांधी त नाई बुडनार ना जी?"

"नाही काकी. जितका होता तितकाच राहील सांडवा," पुष्पांजलीने शब्द दिला.

उन्हाळ्यात तिने जुन्या सांडव्याची उंची माझ्याकडून मोजून घेतली. पाळीवर मोहाच्या झाडाखाली एक रुतलेला दगड होता, तो खुणेचा म्हणून धरला आणि त्यावर लाल रंगाने बाण काढला. खबरदारी म्हणून पाणी सोडायच्या मोरीचा उंबराही मोजून ठेवला. बरं झालं. कारण त्या पाऊसकाळात उरलासुरला सांडवा वाहून गेला. पाळ मात्र टिकली.

हिवाळ्यात काम सुरू झालं. दुधराम खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, आकड्यांची उंच पट्टी घेऊन खुणेच्या दगडाकडे गेला. त्याने आधी चपला काढल्या, दगडाच्या पाया पडला आणि मग त्यावर पट्टी धरली. मला तो उलटा दिसला, तरी नमस्कार ओळखू आला. माणसं भाविक असतात, त्यात नवल काय?

त्या दगडावरून नव्या सांडव्याची उंची ठरली. ठेकेदार चंद्रकुमारला घाई होती. निम्मं काँक्रीट पडलंसुद्धा. पण पुष्पांजलीला हिशेबाची खात्री वाटेना. डबा उघडायची, झाकायची. वर जाऊन गंगाबाईची बांधी बघायची, परत खाली येऊन सांडवा बघायची.

"दुधराम, मोरीच्या उंबऱ्यावर पट्टी धरा."

"कायले जी? झालं ना आता मोजून."

"धरा तर!"

त्याने धरली. हिशेब जुळेना. चांगला वीतभर फरक निघाला. ठरल्याप्रमाणे बांधला तर सांडवा वीतभर उंच होणार होता, आणि गंगाबाईची बांधी पाण्यात जाणार होती.

"मशीनच खराब आहे मॅडम, पुरानी है," चंद्रकुमार म्हणाला. तेवढ्यात तिच्या वरच्या साहेबांची जीप आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, "लेव्हल नादुरुस्त होती असं लिहा आणि मोकळ्या व्हा. वीतभराने काय होतं? नवी नोकरी आहे, कशाला अंगावर ओढून घेता?"

नादुरुस्त! तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिथे. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला तोंड नव्हतं. तिने होकारार्थी मान डोलावली असती तर सगळे सुटले असते. माझ्याशिवाय. आणि गंगाबाईशिवाय.

पुष्पांजली म्हणाली, "सर, मला दोन खुंट्या हव्यात."

आम्हा लेव्हलींची ही परीक्षा असते. दोन खुंट्या दूर दूर ठोकतात. मला बरोबर मध्ये उभं करून त्यांच्या उंचीतला फरक काढतात. मग एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा काढतात. दोन्ही वेळी सारखा आला तर लेव्हल खरी. त्या दिवशी मी इतकी घाबरले होते की बुडबुडा लवकर थांबेचना. शेवटी थांबला. फरक दोन्ही वेळी सारखाच आला.

"लेव्हल बरोबर आहे," ती म्हणाली. "मग दगडच हलला असणार."

"दगड कायचा हलते जी?" दुधराम हसला. "देव आहे तो. शालीकरामभाऊनं ओटा बांधून वर बसवला ना त्याले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या गावाले माहीत आहे. पूजा झाली, जेवनं झाली. मले वाटलं, तुमीच सांगून गेल्या."

शालीकराम गावातले वडीलधारे. ते सांडव्यापाशीच उभे होते. त्यांना काही गैर वाटत नव्हतं. "तुमी लाल रंग लावून गेल्या, आन येवढ्या पान्यात पाळ टिकली. मंग देवाले मातीत काऊन ठेवावं?"

पुष्पांजली हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून ती साहेबांसमोर उभी राहिली. "सर, लेव्हल चांगली आहे. दगडाच्या बुडाशी बघायचं माझं राहून गेलं. हे काँक्रीट फोडावं लागेल."

चंद्रकुमारने डोक्यावरचा गमछा जमिनीवर आपटला. तिच्यावर ठपका आला, ऑफिसात पुष्कळ दिवस कुजबुज चालली. पण सांडवा फोडला, आणि मोरीच्या उंबऱ्यावरून उंची धरून पुन्हा बांधला. देव मात्र ओट्यावरच राहिला. "एकदा बसला का उठवत नाई," शालीकराम म्हणाले, आणि तिनेही हात जोडले.

पुढच्या पाऊसकाळी तलाव तुडुंब भरला. पाणी सांडव्यावरून खळखळत गेलं. गंगाबाईची बांधी कोरड्या बांधानिशी वर राहिली. तिने नव्या चिन्नोर तांदळाचं गाठोडं पाठवलं. त्याचा वास माझ्या पेटीपर्यंत आला होता.

मग नव्या यंत्रांचे दिवस आले. ती आकाशातल्या उपग्रहांना विचारून उंची सांगतात. माझी पेटी कोपऱ्यात गेली. पुष्पांजली बदल्यांमागून बदल्या घेत वर वर चढली. आता तिच्यापुढे कागदांचे ढीग येतात, आणि ढिगावर सही करताना प्रत्येक कागदाखाली काय आहे हे कोण बघणार? याचाच मला घोर लागला आहे. जिने तेव्हा मला नादुरुस्त म्हटलं नाही, तिच्याच सहीने उद्या मी नादुरुस्त ठरणार का?

...सकाळ झाली. जीप थांबली. पावलं आली. कानशिलांवरचे केस पिकले आहेत तिचे. ओमेश कागद पुढे करतो, "इथे सही मॅडम." तिने पेन काढलं. आणि थांबली. माझ्या पेटीवरची चिठ्ठी वाचते आहे.

"ओमेश, हे कोणी तपासलं?"

"जुनी आहे मॅडम. कोनी वापरतच नाई."

"ते नाही विचारलं." तिने पेनाला टोपण लावलं. "अंगणात दोन खुंट्या ठोक."

ओलीत इतकी वर्षं काढली आहेत मी. भिंगांवर बुरशी असेल, बुडबुडा वेळेवर थांबेल की नाही कोण जाणे. कदाचित मी खरंच खोटी निघेन. निघाले तर निघाले, मग टेम्पोत घाला मला, माझी काही तक्रार नाही. तिने पेटी उघडली आहे, नळीवर वाकली आहे, आणि अजूनही तसाच श्वास रोखून धरते आहे.