बैल डालेचा आणि अर्धं गाणं

मरियम आईची शपथ, माझ्या उरलेल्या तीन दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर उद्या माझी इंजेऱ्याची भाकरी तव्याला अशी चिकटो की तवा फोडून खायची पाळी येवो.

घळीच्या अलीकडच्या अंगाला ताफेरे राहायचा. म्हातारा, सत्तरी ओलांडलेला. नांगराची मूठ धरली की तोंडातून गाणं निघायचं. गाणं म्हणजे दोन ओळी, जास्त नाही. पहिली ओळ तो बैलांना म्हणायचा आणि दुसरी त्याची बायको असेगेदेच बांधावरून फेकायची. तो गायचा, "पावसानं पाठ फिरवली, ढग गेले डोंगरपल्याड," की ही ओरडायची, "कुरकुर पुरे, बांधावरचं काटेरी झुडूप आधी काढ!" अख्खी घळ हसायची. पल्याडच्या डोंगरावरची माकडंसुद्धा हसायची, मी ऐकलंय.

मग असेगेदेच वारली. त्याच उन्हाळ्यात जोडीतला एक बैल कड्यावरून गेला. राहिला एकटा दुसरा, डालेचा त्याचं नाव, राखी रंगाचा, शहाणा. आणि या डालेचानं काय धरलं? ताफेरेनं पहिली ओळ म्हटली की नांगराच्या तासात मध्येच उभा! दुसरी ओळ कानावर पडल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आसूड घ्या, गवत दाखवा, छे! एवढी वर्षं दुसऱ्या ओळीवर वळलेला बैल तो.

आमच्याकडं एकेक बैल असलेले दोघं मिळून जोडी करतात. एक दिवस तुझं शेत, एक दिवस माझं. पण गाण्यासाठी थांबणाऱ्या बैलाशी कोण जोडी लावणार?

पुतण्या बिझुअयेहु येऊन म्हणाला, "काका, जमीन माझ्याकडं द्या वाट्यानं. अर्धं धान्य घरी आणून टाकीन. तुम्ही उन्हात बसा."

"उन्हात बसायला मी काय वाळत घातलेली मिरची आहे?"

"मग गाऊ नका ना! गप्प नांगरा."

 गप्प नांगरणं ताफेरेला जमतच नव्हतं. आणि नांगर सुटला तर ओळ सुचत नव्हती. घरात बसून त्यानं पाहिलं होतं. चूल, मडकी, भिंत, पण ओळ नाही. असेगेदेच फक्त तासात भेटायची.

आता घळीपल्याड राहायची त्रुंगो. विधवा. तिच्याकडं एकच बैल, बोरा. बाईनं नांगराला हात लावायचा नसतो आमच्यात, म्हणून तो नुसता खाऊन फुगलेला. जोडी अगदी देवानं जुळवलेली. पण त्रुंगो चाळीस वर्षं ताफेरेशी बोलत नव्हती. तिच्या लग्नात यानं गाणं रचलं होतं:

"त्रुंगोच्या शिरोत काय घातलंय गं बाई,
घास गेला आत, जीभ परत आली नाही!"

पोरं तेव्हाही म्हणायची ते. आता शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं कालवण, कधीतरी घट्ट होतंच की. पण गाणं काही पातळ होत नाही.

पेरणी तोंडावर आली तेव्हा ताफेरे घळ उतरून, घळ चढून तिच्या दारात उभा राहिला.

"कोण मेलं?" त्रुंगोनं विचारलं.

"कोणी नाही. बोरा हवाय."

"चाळीस वर्षांनी आलास आणि बैल मागतोस! माझी जीभ परत आलीय का बघ आधी."

"चुकलो, त्रुंगो."

"चुकलो असं कानात काय सांगतोस? माझं नाव दोन्ही डोंगरांना ऐकवलंस. आता स्वतःचं ऐकव. बैल देते. पहिला दिवस माझ्या शेतात, आणि तुझी लाज तुझ्याच तोंडानं गायची. मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डालेचा आणि बोरा एका जुवाखाली आले. दोन्ही डोंगरांवर माणसं काम सोडून उभी. बिझुअयेहु तर दगडावर चढलेला. त्रुंगो बांधावर घेवडा सोलत बसली. ताफेरेनं नांगराची दोन तासं मुकाट काढली. तिसऱ्यात आवाज फुटला:

"पाठ वाकली, दात गेले, नांगर किती रेटू..."

डालेचा उभा राहिला. बोरा जू ओढून बघू लागला, मग तोही थांबला. कोणी हसलं नाही. ताफेरेनं बांधाकडं पाहिलं. त्याला वाटलं, त्रुंगो काहीतरी फेकेल. तिची जीभ सुरीसारखी, तिला काय अवघड? वाट बघता बघता सावली वीतभर सरकली.

"माझ्याकडं नको बघूस, ताफेरे," त्रुंगो हळूच म्हणाली. "ओळ येतेय माझ्या तोंडात, खोटं नाही सांगत. पण ती जागा तिची. मी नाही बसणार तिथं."

"मग बैल कसा हलेल?"

"तुझा बैल. तुला माहीत."

ताफेरेनं मूठ घट्ट धरली. जी ओळ त्यानं आयुष्यात कधी म्हटली नव्हती, ती म्हटली. मोठ्यानं नाही जमलं.

"दोघांत वाटायचं म्हातारपण, आता कुणात वाटू?"

डालेचा चालू लागला. त्या दिवशी त्रुंगोचं शेत झालं, दुसऱ्या दिवशी ताफेरेचं, आणि जमीन त्याच्याच हाती राहिली. पोरांनी नवं गाणं उचललं नाही. शिरोचं म्हणणंही सोडलं, का कोण जाणे. त्यानंतर ताफेरे दोन्ही ओळी स्वतःच म्हणायचा. दुसरी नेहमी हळू, बांधाकडं तोंड करून.

बरं, माझ्या इंजेऱ्याची काळजी आहे म्हणून एक सांगून टाकते. बैल थांबत नव्हता. बैलाला काय कळतंय ओळींतलं! थांबायचा तो ताफेरे. नांगर जमिनीत रोवून ऐकत उभा राहायचा. पण हे त्याला तोंडावर कोण सांगणार? म्हणून आम्ही सगळी म्हणायचो, डालेचा थांबतो.