निकेलची चकती

दसऱ्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावानं, चांगदेवनं, मुंबईच्या प्रयोगशाळेतून निकेलची चकती घरी आणली. नखाएवढी, कापसात गुंडाळलेली. परदेशातून यायला तिला दोन वर्षं लागली होती. एवढी वाट मी कुठल्या स्थळाचीही पाहिली नाही.

"हिच्यात कार्बन मुरलाय, बाय. निर्वातात तापवून थंड केली की तो वर येतो. एका अणूच्या जाडीचा थर."

"दुधावरच्या सायीसारखा?"

"सायीहून लाखो पट पातळ. इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की पडद्यावर ठिपके उमटतात. रांगोळीचे असतात तसे, नेमक्या जागी."

त्या ठिपक्यांचा फोटो डिसेंबरअखेर हवा होता. नाहीतर पीएचडी गेली, आणि भिंतीपलीकडच्या शेठच्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, ड्युटी. आठ दिवस मखमलीवर हिऱ्याची पूड घेऊन तो चकती घासत होता. आरसा झाला तिचा.

"हिला बोट लावायचं न्हाय हां, बाय."

खंडेनवमीला तो झेंडू आणायला गेला. पलीकडे लूम थांबलेले, पुसून हार घातलेले. आमच्याकडे पूजेला विळी, कोयता आणि यंदा पहिल्यांदाच भावाचं हत्यार. पण पूजेआधी घासायला नको? फडक्यात धरून मी चकती चिंच आणि राखेनं घासली. कुंकूही काडीनं लावलं.

तो आला तसं मीच आधी सांगितलं, "बोट न्हाय लावलं रे."

त्यानं चकती खिडकीशी धरली. तिरकी करून पाहिली.

"कशानं घासलीस?"

"राखेनं. देव घासते तशीच."

"देवांना ओरखडे चालतात, बाय," तो म्हणाला आणि हसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतली. पण ओरखडे खोल गेले होते, आणि दिवस थोडे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला मुंबईला घेऊन गेला. पोलादी पिंपाच्या काचेतून आत बघायला लावलं.

"काय दिसतंय?"

हिरवट उजेड, पसरलेला. ठिपका एकही नाही. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, जणू माझ्या बघण्यानं उमटणार होता.

"धुकं," मी म्हटलं.

"मलाही तेच."

जानेवारीत तो लूमवर लागला. चकती कुणी परत मागितली नाही. ती देव्हाऱ्यात आहे. आता घासलीस तरी चालेल, असं तो म्हणतो. मी घासत नाही.