साथीतून वाचलेली तांबडी

महागावजवळच्या तांड्यावर दिवाळीनंतर साल्मोनेलाची साथ आली आणि मानीबाईच्या तेवीसपैकी बावीस कोंबड्या आठवड्यात गेल्या. उरलेली एक, तांबडी, मात्र ठणठणीत. मी पीएचडी तिच्यावरच करायचं ठरवलं. लोक वाघावर करतात, कापसावर करतात. माझ्या नशिबी ही.

तिच्या पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त काढून नेलं. पेशीत मायक्रो-आरएनए नावाचे चिमुकले रेणू असतात. स्वतः काही घडवत नाहीत, दुसऱ्यांच्या कामाला लगाम घालतात. आमच्या विभागातही अशी माणसं आहेत. जंतू शिरला की या रेणूंचं प्रमाण बदलतं आणि शरीरानं किती चवताळायचं ते ठरतं. फारच चवताळलं तर त्यातच कोंबडी मरते. तांबडीच्या रक्तात सगळं कसं शांत होतं. माझे मार्गदर्शक मधुसूदन सर खुर्चीतून उठलेच. "अनघा, ही कोंबडी न घाबरता लढलीय!" हे वाक्य आमच्या शोधनिबंधात गेलं, परिषदेत त्याला टाळ्या पडल्या. पक्क्या पुराव्यासाठी आता फक्त तिची प्लीहा हवी होती, म्हणजे तिला मारावं लागणार होतं. त्याशिवाय प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहत नव्हतं.

मानीबाईला हे सांगायचं कसं? फोनवर धीर झाला नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी येतेय, खास तांबडीसाठी. तोवर ती कुणाला देऊ नका." बदल्यात द्यायला दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोंबड्या, घेतल्या, बर्फाचा डबा घेतला आणि रस्ताभर सांत्वनाची वाक्यं पाठ केली.

अंगणात पाय ठेवला तर रश्श्याचा वास.

"ये बाई, बस," मानीबाई हरखून म्हणाली. "तू म्हनली ना, खास तांबडीसाठी येऊन राह्यली. मंग सकाळीच कापली."

"आणि तिची प्लीहा? पोटातलं ते तांबडं, बोराएवढं?"

"थे मांजरीनं खाल्लं."

मला रडूच कोसळलं. अख्खी पीएचडी मांजरीच्या पोटात! प्रयोगशाळेत मी दोनशे कोंबड्या कापल्या होत्या, खाल्ली एकही नव्हती. पण बाईनं घरातली शेवटची कोंबडी माझ्यासाठी कापली होती, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? डोळे पुसून बसले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "एवढ्या साथीत ही एकटीच वाचली हो, मानीबाई."

"वाचली त वाचली. थे इथं होती कुठं?"

"म्हणजे?"

"माही पोरगी राखी आर्णीले राह्यते. तिले अंडे उबवाले खुडूक कोंबडी पाह्यजे होती, म्हनून तांबडीले तिकडं नेलतं. साथ सरल्यावर वापस आनली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कवा? तू त सुई घेऊनच आलती."

तांबडी न घाबरता लढली वगैरे काही नव्हती; ती आर्णीत अंड्यांवर बसली होती.

तेवढ्यात सरांचा फोन आला. मी उठून अंगणाच्या कडेला गेले आणि लाज बाजूला ठेवून सगळं सांगून टाकलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"मानीबाईला."

"हात्तिच्या," सर सुस्कारा टाकून म्हणाले, "मग कुणालाच नाही."