बसरा

“नाव बदलावं लागंल,” हौशीराम म्हणाला आणि त्यानं पुढ्यातली सुपारी तशीच राहू दिली. “पोरगी पसंत हाय, घर पसंत हाय. पन बसरा ह्ये नाव माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई.”

नंदाबाईच्या ओसरीवर तिच्या मुलीच्या लग्नाची बैठक बसली होती. वराळ्याचा हौशीराम आपल्या मुलासाठी, सोपानसाठी, भाजे गावात सोयरीक जुळवायला आला होता. सगळं ठरत आलं होतं, तिथीसुद्धा निघाली होती, आणि गाडं अडलं ते मुलीच्या नावावर.

बसरा आत चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. बाप रखमाजी पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. जन्मल्यावर शेजारच्या बाया तिला ‘बसऱ्याची पोर’ म्हणू लागल्या आणि बारशाला ठेवलेलं नाव पाळण्यातच राहिलं. लढाईलाही भाज्यात बसऱ्याचीच लढाई म्हणत. लोणावळ्याच्या बंगल्यांतले साहेब तिला थोर लढाई म्हणायचे, रेल्वेतले लोक जर्मनची लढाई म्हणायचे. पण भाज्याच्या माणसांनी जर्मन काही पाहिला नव्हता. गावातले गडी बोटीत बसून बसऱ्याला गेले होते, आणि रखमाजी तिथंच राहिला होता.

“नावात काय खोट हाय, भाऊ?” अल्लाबक्षनं विचारलं. मळवली स्टेशनावर टांगा हाकणारा अल्लाबक्ष रखमाजीच्याच बोटीतून लढाईवर गेला होता. तो परत आल्यापासून नंदाबाईच्या घरचं कुठलंही बोलणं त्याच्याशिवाय झालं नव्हतं.

“खोट न्हाई कशी?” हौशीरामचा आवाज चढला. “तुमची आसंल बसऱ्याची लढाई. वराळ्यात तिला मानमोडीची लढाई म्हंत्यात. तिकडनं मानसं आली ती मानमोडीचा ताप घिऊनच आली. माझी कारभारीन गेली, थोरला पोरगा गेला. खांदा द्यायला गावात मानूस मिळंना. ह्यो सोपान तेवढा वाचला. आन् आता मी सुनंला बसरा म्हनून हाक मारू?”

सोपान मान खाली घालून बसला होता. नंदाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

अल्लाबक्ष हळूच म्हणाला, “रखमाजीला गोळी लागली, आसं वाटतंय का तुमास्नी?”

“मंग?”

“त्यो बी तापानंच गेला. लढाई संपलीवती. आमी घरी यायच्या बोटीची वाट बघत हुतो. तुमच्या घरी आला त्योच ताप, भाऊ. दवाखान्याच्या तंबूत मी त्याच्या उशाला हुतो.” अल्लाबक्षनं आत चुलीकडं बघितलं. “त्यो धडधाकट हुता तवा, पोरीचं नाव बसरा पडलंय, ह्ये गावाकडनं आलेल्या एका गड्यानं त्याला सांगितलं. लय हसला. ‘मला ह्या मुलखात नुसती धूळ मिळाली, खरा बसरा माझ्या घरी हाय,’ आसं समद्या तळावर सांगत सुटला.”

बाप तापानं गेला हे बसराला ठाऊक होतं. तो हसला होता, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली. अशा बैठकीत मुलींनी तोंड उघडायचं नसतं, पण तांब्या ठेवून ती हौशीरामला म्हणाली,

“आबा, तुमी दुसऱ्या नावानं हाक मारा. मी ओ देईन. हितं आईच्या घरी तेवढं ह्येच ऱ्हाऊ द्या.”

नंदाबाईनं जीभ चावली. हौशीराम मात्र रागावला नाही. तो मुलीकडं बघत राहिला.

“तुझा बाप आन् माझी कारभारीन एकाच दुखन्यानं गेली म्हनायची,” तो म्हणाला. “मंजी लढाई बी एकच की आपली.” त्यानं पुढ्यातली सुपारी उचलली. “ऱ्हाऊ दे मग. हाय त्येच नाव ऱ्हाऊ दे.”

राहू दे म्हणाला खरं, पण लग्न झाल्यावर ते नाव त्याच्या तोंडी यायला वर्ष गेलं. तोवर ती नुसती ‘ए पोरी’ होती. एकदा मारका बैल दावं तोडून तिच्या अंगावर निघाला, तेव्हा हौशीराम खळ्यातून ओरडला, “बसरेऽ! बाजूला हो!” बैल सोपाननं धरला. त्या दिवसापासून वराळ्याच्या शिवारात दिवसभर तीच हाक ऐकू येऊ लागली. सोपान अबोल होता, पण तिच्यावाचून जेवायला बसत नसे. तिला पोरं झाली. घर भरलं.

मग पुन्हा लढाई लागली. भाताची कापणी आली तेव्हा नंदाबाईचे हात आता चालत नाहीत म्हणून बसरा भाज्याला गेली, आणि म्हातारा हौशीराम आपण होऊन तिच्याबरोबर विळा घेऊन आला. रुळांलगतच्या खाचरात दोघं कापत होती. तेवढ्यात फौजेची गाडी आली. खिडक्या-दारांतून पोरं हात हलवत होती. कुणी गात होतं.

“ह्या लढाईला काय म्हनायचं गं, बसरे?” हौशीरामनं विचारलं.

“आधी संपू द्या, मामंजी. मानसं घरी आल्यावर बघू.”

तिनं विळा बांधावर ठेवला आणि हात उंच करून हलवला. हौशीरामही विळा बांधावर टाकून, कमरेवर हात ठेवून, पाठ सरळ करून उभा राहिला. गाडी घाटाकडं वळून शेवटचा डबा दिसेनासा होईस्तोवर दोघांचेही विळे बांधावरच पडून होते.